संगणकातली वही उघडेना, तेव्हा



वडिलांच्या नावचा शेअर वारसाच्या नावे करायचा असतो, किंवा जुन्या हंगामात ऊस बिलातून झालेली ठेवीची कपात पाहायची असते. निफाड, दिंडोरीकडचा सभासद सकाळच्या एस.टी.ने शेअर खात्यात येतो आणि खिडकीवर ऐकतो, "भाऊसाहेब, जुनी फाईल उघडत नाही." मग मनात एकच शंका येते, आपला शेअर बुडाला की काय? बहुतेक वेळा तसे काही झालेले नसते.

संगणक आले तेव्हा अनेक कचेऱ्यांनी आपली खाती डीबेस व पुढे फॉक्सप्रो या प्रणालींत ठेवली. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टने १९९२ साली विकत घेतले, २००४ साली शेवटची आवृत्ती काढली आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याची देखभालही थांबवली. प्रणाली गेली, वह्या मात्र राहिल्या.

या वहीची रचना आपल्या खतावणीसारखीच आहे. पहिल्या पानावर शेवटचा फेरबदल कोणत्या तारखेला झाला, एकूण नोंदी किती, एका नोंदीची लांबी किती, हे लिहिलेले असते. आता समजा, नोंद चालू असतानाच लाईट गेली. (आपल्या भागात हे समजायला फार कल्पना लढवावी लागत नाही!) मागे नोंद लिहिली गेली, पण पहिल्या पानावरचा आकडा जुनाच राहिला. मेळ बसत नाही म्हटल्यावर प्रणाली अडून बसते आणि कधी कधी "नॉट अ टेबल" असा शेरा मारते. आतला मजकूर जागच्या जागी असतो. जाणकार माणूस तो आकडा दुरुस्त करून वही उघडू शकतो.

कधी बिघाड वहीत नसून अनुक्रमणिकेत असतो. गाववार, सभासद क्रमांकवार शोध लागावा म्हणून ती वेगळ्या फाईलमध्ये ठेवतात. ती बिघडली तर मूळ नोंदींवरून पुन्हा तयार करता येते. कधी तर तीच फाईल दुसऱ्या टेबलावरच्या संगणकात उघडी राहिलेली असते, एवढेच!

चुकून खोडलेल्या नोंदीचेही असेच. या प्रणालींत नोंद खोडली की तिच्यापुढे फक्त फुलीसारखी खूण होते. 'पॅक' ही आज्ञा देईपर्यंत ती वहीतच असते. म्हणून वही अडली की आधी तिची नक्कल काढावी आणि जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर करावेत. घाईघाईने मूळ फाईलवर हात चालवला, तर जे वाचले असते तेही जाते. आमच्या मते खरे नुकसान विजेपेक्षा या घाईने जास्त होते.

ॲक्सेसचे दुखणे निराळे. १९९७ च्या आवृत्तीतली फाईल २०१३ पासूनच्या आवृत्त्या उघडतच नाहीत. २०१० च्या आवृत्तीत ती उघडून नव्या स्वरूपात करून घ्यावी लागते. आणि फाईल उघडली, पण नावांच्या जागी नुसती चित्रविचित्र अक्षरे दिसली, तर तो फॉन्टचा घोळ समजावा. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक मराठी फॉन्टचा हिशेब वेगळा होता. तो जुना फॉन्ट मिळाला की नावे पुन्हा वाचता येतात.

आणखी एक. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ प्रमाणे संस्थेला सभासद नोंदवही ठेवावीच लागते. माणूस सभासद कधी झाला, याचा ती प्रथमदर्शनी पुरावा असते. तेव्हा "फाईल उघडत नाही" एवढ्या उत्तरावर माघारी फिरू नये. आय नमुन्यातली नोंदवही पाहायला मागावी. येताना शेअर दाखला, जुनी ऊस बिले आणि काट्याच्या पावत्या, घरातल्या पत्र्याच्या पेटीत असतील त्या, सोबत आणाव्यात. सभासद क्रमांक आणि गाळप हंगामाचे वर्ष सांगितले, तर नकलेतून नेमकी नोंद शोधायला कारकुनालाही सोपे जाते.