राहुरीच्या वाटेवर लक्ष्मीबाई

कृषी विद्यापीठातल्या प्रशिक्षणासाठी पुण्याहून राहुरीला आमच्या खेपा होतात. ऊस, बियाणं, ठिबक एवढंच बोलून माणूस परत येतो. पण याच राहुरीत १९०० साली लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, हे बरोबरच्या एकालाही ठाऊक नव्हतं.

बाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचं सोवळं कडक. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं नवऱ्याकडे आल्या, तरी चूल आणि घागर वेगळीच! जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मला हेच मोठं वाटतं. पटल्याशिवाय आमचा शेतकरीही वाण बदलत नाही.

संसार ओढगस्तीचा. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. १९१९ साली ते गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ शाळा न शिकलेल्या या बाईंनी पुरं केलं. मुलगा देवदत्त यांच्या आग्रहानं आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ मध्ये त्या वारल्या. पुढं नातू अशोक टिळकांनी आजीच्या पुस्तकाची आवृत्ती संपादित केली.

परवा हवेली तालुक्यातल्या महिला मेळाव्यात गांडूळखताचं बोलून झाल्यावर मी त्यातली दोन पानं वाचली. बायका हसता हसता डोळे पुसत होत्या. एका आजीनं विचारलं, “साहेब, पुढचं कधी वाचणार?”