कळंबोलीनंतरची तपासणी

२०११ साली कळंबोलीच्या कल्याणी महिला बाल सेवा संस्थेतले अत्याचार उजेडात आले, तेव्हा पनवेल परिसरात मुलांसाठी काम करणारे आम्ही सगळेच सुन्न झालो होतो. तिथल्या मुली मतिमंद. काहींना बोलताही येत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखालील समितीमुळे हा प्रकार बाहेर आला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला दोषी ठरवलं. आमच्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. बोलू न शकणाऱ्या मुलीचं ऐकायचं कसं, हे आम्हाला शिकवलं होतं कुणी?

तेव्हाची बालगृहांची तपासणी मला चांगली आठवते. खाटा मोजायच्या, कोठीघर बघायचं, हजेरीपटावर सही करायची. पुढे एका प्रशिक्षणात जुने अहवाल समोर ठेवले गेले. एका अहवालात ‘बालकाचे मत’ या रकान्यात वीस मुलांपुढे एकाच हस्ताक्षरात ‘समाधानी’ लिहिलेलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. त्यातले काही अहवाल मी भरलेल्या अहवालांसारखेच होते.

संशोधन नव्हतं असं नाही. केंद्र सरकारचा बाल अत्याचारावरचा अभ्यास २००७ मध्येच आला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं होतं. तो अहवाल कपाटात होता आणि आम्ही खाटा मोजत होतो.

२०१२ चा, मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला आणि अपंग मुलाची साक्ष घेताना विशेष शिक्षक किंवा त्याची भाषा जाणणाऱ्याची मदत घेण्याची तरतूद झाली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तपासणी पथकात किमान तिघे, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी भेट बंधनकारक केली. प्रशिक्षणंही वाढली. बरीचशी कलमं पाठ करून घेणारी होती, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

माझी नजर बदलली ती एका प्रशिक्षणात ऐकलेल्या, रोमानियातल्या बुखारेस्टच्या अभ्यासाने. अनाथालयातली १३६ लहान मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी पालक कुटुंबांत पाठवलेली, बाकीची होती तिथेच. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी जास्त वाढली, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची अधिक. हे ऐकल्यावर एक अधीक्षिका हळूच म्हणाल्या, “मॅडम, मग आपल्याकडच्या छोट्यांचं काय?” त्यानंतर, मूल संस्थेऐवजी कुटुंबात वाढावं म्हणून मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेचा अर्ज मला नुसता अनुदानाचा कागद वाटेना. आजी सांभाळायला तयार असताना पैशांअभावी नातू संस्थेत येतो, तेव्हा तो अर्ज वेळेत भरणं हेच आमचं खरं काम.

त्याच प्रशिक्षणात एक साधी गोष्ट शिकले. संस्थेचा नकाशा मुलांकडूनच काढून घ्यायचा आणि नको वाटणाऱ्या जागेवर लाल ठिपका द्यायला सांगायचं. बोलावं लागत नाही. पुढच्याच भेटीत एका न बोलणाऱ्या मुलीने न्हाणीघरावर ठिपका दिला. मग दुसरा, तिसरा. मी उठून तिच्याबरोबर तिकडे गेले. दाराला आतून कडीच नव्हती. संध्याकाळी सुतार येऊन ती बसवेपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि अहवालाच्या त्या रकान्यात ‘समाधानी’ लिहिलं नाही.