चर पुन्हा खणण्याआधी

साताऱ्याहून मेढामार्गे महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याकडेला केबलसाठी चर खणायचा म्हणजे खडक फोडायचा, परवानग्या मिळवायच्या आणि पावसाच्या आत काम उरकायचे. म्हणूनच जावळीसारख्या डोंगरी तालुक्यात इंटरनेट कमी पडले की नवी केबल टाकण्याची मागणी घाईची वाटते. जमिनीत पुरलेल्या काचतंतूची क्षमता सहसा संपलेली नसते. अपुरा पडतो तो टोकाचा ट्रान्सीव्हर. विजेच्या संकेताचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा विजेचा संकेत करणे, हे त्याचे काम. त्याचा लेझर ठरावीक तरंगलांबीचा, म्हणजे एका रंगाचा प्रकाश सोडतो. डोळ्यांना न दिसणारा असा एकेक रंग म्हणजे एकेक चॅनेल. असे अनेक रंग एकाच तंतूतून एकदम धावतात आणि पलीकडचा फिल्टर ते वेगळे करतो. हेच तरंगलांबीचे मल्टिप्लेक्सिंग.

भारतनेट या सरकारी ब्रॉडबँड योजनेने ग्रामपंचायतींसाठी वापरलेल्या जीपॉन पद्धतीतही हेच तत्त्व आहे. गावाकडे येणारी माहिती १४९० नॅनोमीटरवर, गावाकडून जाणारी १३१० वर, आणि तंतू मात्र एकच. येण्याचा वेग सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट. तो, एका तंतूतला प्रकाश अनेक जोडण्यांत विभागणाऱ्या स्प्लिटरवरच्या सगळ्यांत वाटला जातो आणि परतीच्या वाटेवर प्रत्येकाला आपली पाळी यावी लागते. त्याच तंतूत १५७७ आणि १२७० नॅनोमीटरची नवी जोडी सोडली की दोन्ही दिशांना दहा गिगाबिट मिळतात, जुने ग्राहकही चालू राहतात. दोन ठाण्यांमधल्या मार्गावर तर वीस-वीस नॅनोमीटर अंतराने अठरा चॅनेल बसवण्याचे प्रमाण ठरलेले आहे. जुन्या तंतूंमध्ये १३८३ च्या आसपास प्रकाश जास्त शोषला जातो, त्यामुळे तिथले एक-दोन चॅनेल सोडावे लागतात, हे खरे. तरी उरतात तेवढे पुष्कळ. नवी उपकरणे महाग पडतात हा आक्षेपही रास्त आहे, पण ती गरजेप्रमाणे एकेक वाढवता येतात. अर्धा चर कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे. घाटात दरड कोसळून केबल तुटली, तर अठराही चॅनेल एका क्षणात बंद पडतील. मल्टिप्लेक्सिंगने वेग वाढतो, भरवसा वाढत नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये वलयाकार जोडणीवर भर दिला गेला, तो याचसाठी: एक बाजू तुटली तरी माहिती दुसरीकडून फिरून पोहोचते. तेव्हा ग्रामसभेत वेगाची तक्रार आली, तर टोकाचा ट्रान्सीव्हर किती गिगाबिटचा आहे हे आधी विचारा. चर खणायचाच असेल, तर तो दुसऱ्या वाटेने खणायला सांगा.