विश्लेषण : स्वातंत्र्यदिन २६ जानेवारीवरून १५ ऑगस्टवर कसा आला?

दरवर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधान ध्वजारोहण करतात. १९४७ साली मात्र त्या दिवशी तिथे समारंभ झाला नाही. नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकावला तो १६ ऑगस्टला. आणि त्याआधीची अनेक वर्षे देशात ‘स्वातंत्र्यदिन’ साजरा होत होता, पण २६ जानेवारीला.

पहिला स्वातंत्र्यदिन कोणता?

डिसेंबर १९२९ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखाली लाहोरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या काठावर तिरंगा फडकला. पुढच्याच आठवड्यात कार्यकारिणीने जानेवारीतील शेवटचा रविवार स्वातंत्र्यदिन म्हणून निवडला. तो २६ तारखेला येत होता. या तारखेमागे ना कोणाची जयंती होती, ना एखादी लढाई. पण त्या दिवशी गावोगावी सभा झाल्या, स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली आणि तारीख रुजली. पुढे १९४७ पर्यंत बंदी, लाठीमार, अटका सोसून लोक हा दिवस पाळत राहिले.

मग १५ ऑगस्ट कोणी ठरवली?

ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी सत्तांतरासाठी जून १९४८ पर्यंतची मुदत जाहीर केली होती. व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी ती बरीच अलीकडे आणली. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषदेत त्यांनी १५ ऑगस्टचा उल्लेख केला. जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षे पूर्ण होत होती; आग्नेय आशियातील दोस्त फौजांचे सेनापती राहिलेल्या माउंटबॅटन यांनी पुढे हेच कारण सांगितले. थोडक्यात, तारीख ब्रिटिशांच्या विजयाची होती. काही ज्योतिषांनी ती अशुभ ठरवली. संविधान सभा १४ तारखेच्या रात्री बसली आणि मध्यरात्री सत्तांतर झाले, त्यामागे हेही एक कारण असल्याचे सांगितले जाते.

घाईची किंमत काय?

फाळणीच्या योजनेपासून स्वातंत्र्यापर्यंत उरले होते ७३ दिवस. रॅडक्लिफ यांनी आखलेली सीमा जाहीर झाली ती १७ ऑगस्टला. म्हणजे स्वातंत्र्य साजरे करताना लाखो लोकांना आपला देश कोणता, हेच ठाऊक नव्हते. मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा लागला आणि खुलन्यात तिरंगा. तीन दिवसांत दोन्ही उतरवावे लागले. पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातील काही गावांत आजही १८ ऑगस्टला झेंडावंदन होते. दिल्लीत रोषणाई होती तेव्हा गांधीजी कलकत्त्यात, दंगलग्रस्त बेलियाघाटातील एका घरात उपवास आणि प्रार्थना करत होते.

पाकिस्तान १४ ऑगस्ट पाळतो. वास्तविक ब्रिटिश कायद्यात दोन्ही देशांसाठी १५ ऑगस्टच होता आणि पाकिस्तानच्या पहिल्या स्मारक तिकिटांवरही तीच तारीख छापलेली आहे. १९४८ पासून त्यांनी ती बदलली.

२६ जानेवारीचे पुढे काय झाले?

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारले गेले. नागरिकत्व, निवडणुका अशी काही कलमे लगेच लागू झाली. बाकीच्यांसाठी दोन महिने थांबण्यात आले, ते लाहोरच्या ठरावानंतरचा तो दिवस जपण्यासाठी.

सगळ्यांना १५ ऑगस्ट लाभला का?

नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेव्हा तिरंगा लावणे हाच गुन्हा होता. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना तुरुंगात टाकण्यात आले. संस्थान शरण आले १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणून मराठवाड्यात त्या दिवशीही झेंडावंदन होते. गोव्याला आणखी तेरा वर्षे थांबावे लागले. १५ ऑगस्ट १९५५ हा दिवस मुद्दाम निवडून सत्याग्रही सीमा ओलांडून आत गेले. त्यांच्यावर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण मारले गेले. गोव्यात तिरंगा फडकला तो १९ डिसेंबर १९६१ ला.