निळ्या सूर्याचा अर्थ

आमच्या खडकीत चहाच्या टपरीवर अधूनमधून मोबाइलमधला सूर्य फिरतो. कधी निळा, कधी हिरवा, तर कधी भोकं पडलेला. कुणी म्हणतं प्रलय आला, कुणी म्हणतं चित्र बनावट. बहुतेकदा दोन्ही चूक.

खडकीशेजारीच, विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका'ने इस्रोच्या 'आदित्य एल-१' यानासाठी 'सूट' ही दुर्बीण घडवली. तिने टिपलेली पूर्ण सूर्याची पहिली चित्रं डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशातली. यातला बराच प्रकाश ओझोन वरच अडवतो, म्हणून दुर्बीण अवकाशात. कॅमेरा प्रकाश कमी की जास्त एवढंच मोजतो. रंग माणूस भरतो, नकाशात डोंगर तपकिरी रंगवतात तसा.

काळे डागही खरे काळे नसतात. भोवतालचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस, डाग साडेतीन हजारांच्या आसपास. शेजाऱ्यापुढे मंद, म्हणून काळा. इतर यानांच्या चित्रांतली 'भोकं' म्हणजे सूर्याच्या प्रभामंडळातले विरळ वायूचे भाग.

आम्ही कवी मनाला येईल तो रंग देतो. शास्त्रज्ञ रंगामागचा हिशेबही सांगतात. तेव्हा असं चित्र आलं, की पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: हे कुठल्या प्रकाशातलं?