काम सर्व्हिसचं, वेळ फ्रेमवर्कची: ओएसजीआयमधला एक धडा

बोईसरच्या तारापूर एमआयडीसीतला एखादा केमिकल कारखाना डोळ्यासमोर आणा. रिअ‍ॅक्टरवरच्या ऑपरेटरला (रिअ‍ॅक्टर म्हणजे इथे रसायनाचं भांडं, अणुभट्टी नव्हे!) बॅच कशी घ्यायची ते माहीत असतं. बॉयलरची वाफ आली का, कूलिंग वॉटर चालू आहे का, हे बघून ‘सुरू करा’ किंवा ‘थांबा’ म्हणतो तो शिफ्ट इनचार्ज. ऑपरेटरलाच दर पाच मिनिटांनी बॉयलर हाउसला पाठवलं, तर बॅचकडे कोण बघणार?

प्रोग्राम लिहिताना मात्र आपण ऑपरेटरला खुशाल पळवतो. मीही पळवलं.

माझ्या प्रयोगात कारखान्याच्या सांडपाण्याचा पीएच मोजणारी एक नकली यंत्रणा लॅपटॉपवर चालत होती. पीएच ५.५ ते ९ च्या बाहेर गेला की इशारा द्यायचा, एवढंच काम. सगळं ओएसजीआयवर. ओएसजीआय म्हणजे जावासाठीचं मॉड्युलर फ्रेमवर्क. यात प्रोग्रामचे तुकडे, म्हणजे बंडल, बाकीचं चालू ठेवून बदलता येतात. २००४ च्या ३.० आवृत्तीपासून एक्लिप्स याच पायावर उभं आहे.

मी सरासरी काढणारा क्लास लिहिला आणि त्यातच सेन्सर ड्रायव्हरची सर्व्हिस शोधणं, थ्रेड सुरू करणं, बंद करणं हेही कोंबलं. एका रात्री ड्रायव्हरचं बंडल बदललं. सकाळी बघतो तर आलेख ७.२ वर सरळ रेषेत! जुना ड्रायव्हर बंद झाला होता, पण माझ्या क्लासने त्याचा ऑब्जेक्ट धरून ठेवला होता आणि तो शेवटचा आकडा परत परत देत होता. एरर एकही नाही. हा आलेख मी पेपरमध्ये टाकला असता, तर?

यावरचा उपाय ओएसजीआयमध्येच आहे: डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेस. २००५ च्या रिलीज ४ मध्ये तो आला. आता माझा क्लास फक्त सरासरी काढतो. ‘मला ड्रायव्हर लागतो’ एवढं वर अ‍ॅनोटेशनने जाहीर करायचं. ड्रायव्हर आला की कॉम्पोनंट जिवंत करणं आणि गेला की बंद करणं, हे रनटाइम बघतं. कॉम्पोनंट बंद झाला की त्याची स्वतःची सर्व्हिसही मागे घेतली जाते, त्यामुळे पुढच्या कॉम्पोनंटलाही कळतं की आता आकडा नाही. आलेखात मोकळी जागा दिसते. ती जागा खरी असते.

दुसरा फायदा टेस्टिंगचा. क्लास साधा असल्यामुळे फ्रेमवर्क न चालवता खोटा ड्रायव्हर देऊन तो तपासता येतो. निकाल चुकला तर गणित चुकलं की वेळ चुकली, हे वेगळं सांगता येतं. संशोधनात हेच तर हवं असतं.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, नेहमीच्या स्टॅटिक पॉलिसीत ड्रायव्हर बदलला की जुना ऑब्जेक्ट टाकून नवा बनतो. त्यामुळे जपायची माहिती क्लासच्या आत ठेवू नका. दोन, सर्व्हिस हजर आहे की नाही एवढंच फ्रेमवर्कला कळतं. प्रोबवर गाळ बसला आणि आकडा अडकला, तरी सर्व्हिस हजरच! म्हणून प्रत्येक आकड्यासोबत वेळ नोंदवणं आणि तो शिळा आहे का हे बघणं, ही जबाबदारी आपलीच.

तुमचा एखादा क्लास आज उघडून बघा. त्यातल्या किती ओळी काम करतात आणि किती ओळी वाफेची वाट बघतात, मोजा. दुसरा आकडा मोठा निघाला, तर प्रयोग सुरू करण्याआधी एक दिवस त्या ओळी बाहेर काढायला द्या.