कामाच्या वेळेबाहेर मालकाचे वाहन : वैयक्तिक वापर आणि दायित्वाचा प्रश्न

भाईंदर पूर्वेतील औद्योगिक गाळ्यांमधून स्टीलची भांडी वाहून नेणारे टेम्पो व ट्रक रात्री कोठे उभे राहतात, हा प्रश्न वरकरणी नगरव्यवस्थेचा वाटतो. परंतु त्यास कायद्याचीही एक बाजू आहे. ज्या कारखान्यास स्वतःचे आवार नाही, त्याचा मालक किल्ली चालकाच्या हाती सोपवितो. चालक वाहन आपल्या चाळीजवळ लावतो व पहाटे परस्पर माल भरावयास जातो. समजा, मधल्या वेळेत त्याने त्याच वाहनातून मेव्हण्याचे कपाट हलविले आणि काशीमिरा नाक्यावर एखादा पादचारी जखमी झाला, तर नुकसानभरपाई कोणी द्यावयाची? ‘तेव्हा तो कामावर नव्हता’ हे मालकाचे उत्तर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोकराच्या निष्काळजीपणाबद्दल मालकास जबाबदार धरण्याच्या तत्त्वास प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. कृत्य नोकरीच्या ओघात घडलेले असावे, ही त्याची मुख्य अट. इंग्लंडमध्ये १८३४ च्या जोएल विरुद्ध मॉरिसन या खटल्यात असा भेद केला गेला की, मालकाच्या कामावर असताना नोकराने थोडी वाट वाकडी केली तरी मालक सुटत नाही; नोकर सर्वस्वी स्वतःच्या कामास निघाला असेल, तर मात्र सुटतो. १८६९ च्या स्टोरी विरुद्ध ॲश्टन या खटल्यात मद्यव्यापाऱ्याचा गाडीवान माल पोहोचवून परतत होता. सोबतच्या कारकुनाच्या खाजगी कामासाठी त्याने गाडी भलत्याच दिशेस वळविली आणि अपघात झाला. मालक दायित्वमुक्त ठरला. कपाट हलविणाऱ्या आपल्या चालकाचे हे जणू सख्खे भावंडच.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सीताराम मोतीलाल कलाल प्रकरणी बहुमताने अशीच संकुचित भूमिका घेतली. टॅक्सी म्हणून चालविण्यास दिलेले वाहन परवान्याच्या चाचणीसाठी दुसऱ्याच्या हाती गेले होते, मालक सुटला. पुढे १९७७ मध्ये पुष्पाबाई पुरुषोत्तम उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी या निवाड्याने दृष्टी बदलली. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली कंपनीची मोटार व्यवस्थापक चालवीत होता. ती झाडावर आदळून सोबतचा प्रवासी दगावला. न्यायालयाने कंपनीस जबाबदार धरले आणि ‘नोकरीचा ओघ’ पूर्वीपेक्षा व्यापक अर्थाने घेण्याकडे कायद्याचा कल असल्याचे नमूद केले.

प्रस्तुत लेखकास येथे घड्याळापेक्षा किल्ली महत्त्वाची वाटते. रात्री वाहन चालकाकडे ठेवणे ही मालकाची मेहेरबानी नव्हे. त्यामुळे जागेचे भाडे वाचते, रखवालदाराचा पगार वाचतो, पहाटेचा माल वेळेवर निघतो. ज्या व्यवस्थेचा लाभ मालक घेतो, तिच्यातून उद्भवणारी जोखीम केवळ चालकाची कशी मानावी?

आणखी एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठीचा विमा सक्तीचा आहे. परंतु विमा कंपनीचे दायित्व मूलतः मालकाच्या दायित्वावर उभे असते. मालक सुटला की विमा कंपनीही सुटू पाहते आणि जखमी इसमापुढे उरतो तो चालक, ज्याची मिळकत म्हणजे महिन्याचा पगार! विमा चालू असलेल्या मालकाने ‘तो कामावर नव्हता’ असा बचाव घेऊन स्वतःचे फारसे काही वाचविलेले नसते. पादचाऱ्याचे मात्र सर्वस्व जाते. मालकाने योग्य ती दक्षता घेतली असल्यास चालकाच्या चुकीमुळे विमा कंपनीस सहजी हात झटकता येत नाहीत, हे स्कँडिया विरुद्ध कोकिलाबेन (१९८७) या निवाड्यावरून दिसते. तेथे चालक खाण्याचे पदार्थ आणावयास उतरला होता आणि चालू ठेवलेला ट्रक परवाना नसलेल्या क्लीनरने हाकला होता. तरी विमा कंपनीस भरपाई द्यावी लागली.

मालवाहू वाहनात बसलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत आला. फुकट प्रवास करणारे आले नाहीत. बलजीत कौर प्रकरणी (२००४) हे स्पष्ट झाले. रविवारी चालकाने बायकामुलांना आणि शेजाऱ्यांना टेम्पोच्या हौद्यात बसवून उत्तनच्या किनाऱ्यावर नेले आणि वळणावर टेम्पो उलटला, तर त्या शेजाऱ्यांचा दावा मुख्यतः मालक व चालक यांच्याविरुद्धच चालावयाचा. मालकाची सारी मिळकत तो एक टेम्पोच असेल, तर निवाडा हाती येऊनही वसुली कोणाकडून करावयाची?